विसरले कोण, आणि सापडले कोणाला?

१

इंग्लंडमध्ये गेली साठ-पासष्ट वर्षे एक सांस्कृतिक उद्योग मोठ्या निष्ठेने चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात अनेक ब्रिटिश संगीतकारांनी पियानोसाठी रचना केल्या. पुढे त्यांची नावे मैफलींतून, अभ्यासक्रमांतून आणि दुकानांतून नाहीशी झाली. त्यांची हस्तलिखिते शोधायची, ती वाजवून पाहायची आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढायच्या, असा हा उद्योग. १९५९ साली रिचर्ड इटर या रसिकाने 'लिरिटा' ही कंपनी काढली ती अशाच हेतूने, आणि तिच्या आरंभीच्या तबकड्यांत पियानो-संगीताचा भरणा होता. १९८० साली निघालेल्या 'हायपेरिअन' कंपनीने १९९१ पासून मागे पडलेल्या पियानो कॉन्चेर्टोंची एक लांबलचक मालिकाच चालवली. या कामामागे कष्ट आहेत, पदरमोड आहे, विद्वत्ता आहे. त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही.

परंतु या सगळ्या व्यवहारात 'विस्मृत' हा जो शब्द सतत वापरला जातो तो मला खटकतो. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर त्या शब्दात कर्ता नाही. अमुक संगीतकार विस्मृत झाला, असे म्हटले की विसरणारा कोण हे सांगण्याची जबाबदारी संपते. पाऊस पडावा, भिंत खचावी, तसे विस्मरण आपोआप घडले असे वाटू लागते. आणि मग जो शोधून काढतो तो उपकारकर्ता ठरतो. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टी तपासायच्या आहेत : विसरले कोणी, आणि सापडले ते कोणाला?

या नियतकालिकाच्या वाचकाला ब्रिटिश पियानोशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्तच आहे. मी इंग्रजीचा अध्यापक आहे. मला पियानो वाजवता येत नाही. या विषयाकडे मी आलो तो संगीताच्या वाटेने नव्हे, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्या वाटेने. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, तेच हे डू बॉइस. त्यांच्या 'डार्कवॉटर' या १९२० च्या पुस्तकात एका संपूर्ण प्रकरणाच्या केंद्रस्थानी लंडनचा एक संगीतकार आहे : सॅम्युएल कोलरिज-टेलर. प्रकरणाचा विषय मात्र आहे काळ्या मुलांचे शिक्षण. या एका माणसाला संधी मिळाली ती योगायोगाने, ज्यांना मिळाली नाही त्यांचा हिशेब कोण देणार, असा डू बॉइस यांचा रोख आहे. घराण्यातला पहिला पदवीधर असलेल्या माणसाला हे प्रकरण परके वाटणे शक्य नव्हते. मग मी त्या संगीतकाराच्या पियानोच्या रचना मिळवून ऐकू लागलो.

२

प्रथम हे मान्य केले पाहिजे की मागे पडलेले सगळेच एका कारणाने मागे पडले नाहीत. पुनर्शोधाचे अभ्यासक सर्वांना एका यादीत बसवतात, आणि कारणे पुसली जातात ती तिथेच.

यॉर्क बोवेन पाहा. जन्म १८८४, वडील व्हिस्कीच्या धंद्यातले, शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमीत. तरुणपणी त्याचे नाव गाजले. बेथोव्हेनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्टोचे पहिले ध्वनिमुद्रण १९२५ साली त्यानेच केले. तो मागे पडला याचे मुख्य कारण म्हणजे अभिरुची बदलली. जग पुढे गेले आणि हा जुन्या भावरम्य शैलीत लिहीत राहिला. १९६१ साली तो वारला तोवर त्याच्या रचनांना फारसे कोणी विचारत नव्हते. हे दुःखद असेल, पण हा अन्याय नव्हे.

विल्यम बेन्स पाहा. यॉर्कशायरमधल्या हॉर्बरी गावचा हा मुलगा. वडील प्रार्थनामंदिरात ऑर्गन आणि मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवीत. युद्धाच्या अखेरीस सैन्यात बोलावणे आले, तिथे प्रकृती ढासळली ती सावरली नाही, आणि १९२२ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने तो गेला. समुद्र, बागा, फ्लॅम्बरोचा किनारा यांवर त्याने पियानोसाठी लिहिलेल्या छोट्या रचना मागे राहिल्या. येथे विस्मरणाला वर्ग आहे, प्रांत आहे आणि आजार आहे.

अॅलन बुश पाहा. हा कम्युनिस्ट होता. १९४१ साली त्याच्या राजकीय भूमिकेमुळे बीबीसीने त्याचे संगीत प्रसारित करण्यावर बंदी घातली. व्हॉन विल्यम्ससारख्या ज्येष्ठ संगीतकाराने निषेध म्हणून बीबीसीसाठी लिहिलेली आपली रचना परत घेतली, हे त्याच्या प्रामाणिकपणाला शोभून दिसले. येथे विस्मरण हुकूम काढून घडवलेले आहे.

हवापालटाने, दारिद्र्याने आणि हुकुमाने झालेली ही तीन विस्मरणे वेगवेगळी आहेत. त्यांना एकाच करुणेच्या चादरीखाली झाकले की करुणा तेवढी उरते आणि इतिहास नाहीसा होतो. चौथ्या प्रकारचे विस्मरण वर्णाचे, आणि माझा मुख्य विषय तो आहे.

३

त्याआधी त्या वाद्याकडेच एकदा पाहू. एकोणिसाव्या शतकात पियानो हे ब्रिटिश घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण बनले. शतकाच्या अखेरीस तर तो हप्त्याने मिळू लागला आणि बऱ्या कमाईच्या कामगाराच्या घरातही येऊन बसला. त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताचे पातळ तुकडे चिकटवलेले असत. हा हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर पूर्व आफ्रिकेतून येई. आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंत तो माणसांच्या खांद्यावरून वाहिला जाई, आणि त्या हमालांत गुलामही असत. झांझिबारचा हस्तिदंत पुष्कळदा आधी मुंबईच्या बंदरात उतरे आणि तिथून लंडनला जाई. दिवाणखान्यातल्या निरागस सुरांखाली ही वाहतूक होती.

लंडनमध्ये पियानो बनू लागला तो १७६० नंतर. झुंपे नावाच्या कारागिराचे चौकोनी पियानो १७६६ पासूनचे आहेत. त्याच सुमारास, १७६७ च्या आसपास, लंडनमध्ये नृत्यसंगीताची एक वही छापली गेली. व्हायोलिन, मँडोलिन, बासरी आणि हार्पसिकॉर्ड यांसाठीच्या या रचना होत्या. मुखपृष्ठावर कर्त्याचे नाव नव्हते. एका आफ्रिकनाने रचलेल्या, एवढेच छापले होते. हा आफ्रिकन म्हणजे इग्नेशियस सँको. गुलामीत जन्मलेला, सरदारघराण्यात चाकरी केलेला आणि पुढे वेस्टमिन्स्टरमध्ये किराण्याचे दुकान थाटलेला हा माणूस. मालमत्तेच्या जोरावर त्याने १७७४ आणि १७८० साली पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदानही केले. त्याच्या दुकानात साखर आणि तंबाखू विकली जाई. त्याच्याच बांधवांच्या घामातून पिकलेला हा माल होता, हे सांगण्याची गरज नाही.

सँकोच्या पत्रांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८२ साली निघाले आणि गाजले. संगीत मात्र ग्रंथालयात पडून राहिले. ते एकत्र करून मूळ छपाईबरहुकूम १९८१ साली प्रसिद्ध केले जोसेफिन राइट या अमेरिकन कृष्णवर्णीय संशोधिकेने. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. तिच्याकडे मी परत येणार आहे.

४

सॅम्युएल कोलरिज-टेलर १८७५ साली लंडनमध्ये जन्मला. वडील सिएरा लिओनहून वैद्यकी शिकायला आलेले, आई इंग्रज. दोघांचे लग्न झालेले नव्हते, आणि मुलाच्या जन्माआधीच वडील आफ्रिकेला परतले होते. मुलगा क्रॉयडनमध्ये आईच्या माहेरी वाढला. घोड्यांना नाल मारण्याचा धंदा करणाऱ्या आजोबांनी त्याच्या हाती व्हायोलिन दिले. पंधराव्या वर्षी, १८९० साली, त्याला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळाला आणि पुढे स्टॅनफर्डसारखा गुरू लाभला. १८९८ साली त्याच कॉलेजात त्याचे 'हायावाथाज वेडिंग फीस्ट' हे समूहगान सादर झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो इंग्लंडभर प्रसिद्ध झाला.

ही रचना पियानोची नाही, पण तिचा व्यवहार सांगितलाच पाहिजे. तिचे हक्क त्याने प्रकाशकाला १५ गिनींना कायमचे विकून टाकले होते, म्हणजे १५ पौंड १५ शिलिंगांना. नंतर देशभरच्या गायकमंडळ्यांनी ती वर्षानुवर्षे गायिली, तिच्या प्रती अफाट खपल्या, आणि संगीतकाराच्या हाती त्यातले काही लागले नाही. तो शिकवण्या करीत राहिला, स्पर्धांचे परीक्षण करीत राहिला, वाद्यवृंद चालवीत राहिला. १९१२ साली क्रॉयडनच्या रेल्वे स्टेशनवर तो कोसळला आणि काही दिवसांत न्यूमोनियाने गेला. वय ३७. विधवेला राजाकडून वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. म्हणजे हक्काच्या पैशाच्या जागी अनुग्रह मिळाला. १९१४ साली ब्रिटिश संगीतकारांनी सादरीकरणाच्या हक्कांसाठी स्वतःची संस्था काढली, तेव्हाच्या दाखल्यांत हा दाखला नेहमी सांगितला जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुळात हा माणूस विस्मृत नव्हताच. १९२४ नंतर दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत त्याचा 'हायावाथा' लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वेशभूषेसह, शेकडो गायकांनिशी होत असे आणि लोक गर्दी करीत. इंग्लंडने त्याचे एक गोड, परीकथेसारखे काम लक्षात ठेवले आणि बाकीचे बाजूला सारले. आणि बाजूला काय सारले? १९०५ सालचा पियानोचा संग्रह, 'ट्वेंटी-फोर नीग्रो मेलडीज'. आपले रंजन करणारा काळा कलावंत लक्षात राहिला. आपल्या लोकांविषयी बोलणारा बाजूला पडला. प्रस्थापितांची स्मृती अशी निवड करते, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

कारण बोलणारा तो होताच. १९०० साली लंडनमध्ये पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरली. डू बॉइस तिथे होते, आणि कोलरिज-टेलरने तिच्या संगीताची बाजू सांभाळली. अमेरिकेत त्याने १९०४, १९०६ आणि १९१० असे तीन दौरे केले. वॉशिंग्टन शहरात कृष्णवर्णीय गायकांनी १९०१ सालीच त्याच्या नावाने गायकसंघ काढलेला होता. मृत्यूच्या वर्षी, १९१२ च्या आरंभी, क्रॉयडनच्या परिसरात निग्रोंच्या 'समस्ये'वर एक तुच्छतापूर्ण व्याख्यान झाले तेव्हा त्याने स्थानिक वृत्तपत्रात पत्र लिहून खरपूस समाचार घेतला. बांधिलकी हा शब्द त्याच्या काळी या अर्थाने रूढ नसेल, पण वस्तू तीच होती.

५

आता त्या चोवीस रचनांकडे वळू. आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि अमेरिका येथील काळ्या लोकांच्या चाली घेऊन त्यावर त्याने पियानोच्या रचना केल्या. त्यांतल्या बहुतांश चाली अमेरिकन गुलामांच्या धर्मगीतांच्या आहेत. संग्रह निघाला बोस्टनहून, आणि प्रस्तावना बुकर टी. वॉशिंग्टन यांची. स्वतःच्या निवेदनात संगीतकाराने आपला हेतू सांगितला आहे : ब्राम्सने हंगेरियन, ड्वोर्झाकने बोहेमियन आणि ग्रीगने नॉर्वेजियन लोकसंगीतासाठी जे केले ते आपण या चालींसाठी करू पाहत आहोत. पद्धत साधी आहे. प्रत्येक रचनेच्या शिरोभागी मूळ चाल जशीच्या तशी छापलेली आहे, आणि खाली तिचा विस्तार, बहुतेक ठिकाणी मूळ विषय आणि त्याची रूपांतरे या आकृतिबंधात.

या संग्रहावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया संभवतात. हल्लीची स्वागतशील प्रतिक्रिया अशी : केवढा हा ठेवा! दुसरी प्रतिक्रिया आपल्यापैकी अनेकांची होईल : गुलामाचे रडणे गोऱ्यांच्या दिवाणखान्यात शोभेल असे करून ठेवले. मला दोन्ही प्रतिक्रिया आळशी वाटतात. रचना ऐकल्याशिवाय दोन्ही देता येतात, हा त्यांचा समान दोष.

ऐकून माझे जे मत झाले ते असे. आफ्रिकेतील चालींवरच्या रचना संग्रहात सर्वात दुबळ्या आहेत. त्याचे कारण त्याच्या प्रतिभेत शोधण्याआधी त्याच्या साधनांत शोधले पाहिजे. आग्नेय आफ्रिकेच्या चाली त्याने घेतल्या त्या आंरी जुनो या स्विस मिशनऱ्याच्या १८९७ सालच्या पुस्तकातून. म्हणजे जी चाल माणसांच्या मेळ्यात, टाळ्यांच्या आणि पावलांच्या तालावर गायिली जात होती, ती मिशनऱ्याच्या कानातून पाच रेघांवर उतरली, आणि तिथून लंडनमधल्या एका माणसाच्या हाती आली. त्याला आफ्रिका कधी दिसली नव्हती आणि आफ्रिकन बापही कधी भेटला नव्हता. त्या चालींना तो युरोपीय सुसंवादाची जाड वस्त्रे चढवतो. छोटी, पुन्हापुन्हा येणारी ओळ वाढवत वाढवत गर्जनेपर्यंत नेतो, आणि ऐकताना वाटते की हा माणूस आपल्याच घराच्या दारावर अनोळखी म्हणून थाप मारतो आहे. हा दोष त्याचा आहे, आणि ज्यांनी त्याला त्या घरापासून तोडले त्यांचाही आहे.

अमेरिकेच्या चालींची गोष्ट वेगळी. या त्याने फ्रेडरिक लाउडिन आणि त्यांच्या जुबिली गायकांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. तो ऋणनिर्देश त्याने केला आहे. कानाने ऐकलेले आणि कागदावर वाचलेले यांतला फरक रचनांत कळतो. 'डीप रिव्हर' घ्या. चाल आधी शांतपणे, भरीव स्वरसमूहांत येते. मग मध्यभागी खळबळ उडते, हात वेगाने वरखाली धावू लागतात, आणि ज्या नदीपलीकडे जायचे ती शांत नाही हे उघड होते. शेवटी चाल परत येते, पण आता ती पहिल्यासारखी ऐकू येत नाही. मूळ गीताचा अर्थ येथे शब्दांविना सांगितला गेला आहे. 'समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड' या रचनेत तर तो कारागिरी आवरती घेतो, आणि तिथे तो सर्वात मोठा होतो. आईवेगळ्या केलेल्या मुलांच्या या गीताला बापावेगळ्या वाढलेल्या माणसाने अधिक अलंकार चढवले नाहीत.

आणि शिरोभागी छापलेली ती उघडी चाल? मला ती या संग्रहातली सर्वात धाडसी गोष्ट वाटते. मूळ चाल वर ठेवून त्याने स्वतःविरुद्धचा पुरावा वाचकाच्या हाती दिला आहे. मी काय केले ते मुळाशी ताडून पाहा, असे तो म्हणतो. दुसऱ्यांचे संगीत उचलून स्वतःच्या नावावर खपवणाऱ्यांच्या जगात ही गोष्ट लहान नाही.

त्याची मोजपट्टी मात्र मला अर्धीच पटते. ब्राम्स, ड्वोर्झाक, ग्रीग यांच्या पंगतीत बसण्याची त्याला आस आहे. पंगतीत बसू दिले म्हणजे समता आली, असे नव्हे. परंतु १९०५ चे जग डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेत काळ्यांना झाडाला टांगून मारले जात होते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही दिवाणखान्यातल्या पियानोवर काळ्यांची टवाळी करणारी गाणी वाजत होती आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर विद्रूप चेहरे छापलेले असत. त्याच पियानोवर, त्याच जागी हा संग्रह उभा राहिला. बाबासाहेबांच्या कोटाबुटाचा अर्थ ज्यांना कळतो त्यांना या ब्राम्सच्या वेशाचाही अर्थ कळेल. तो वेश नक्कल करण्यासाठी घातलेला नव्हता. तुम्ही आम्हांला जे नेसवू पाहता ते आम्ही नेसणार नाही, हे सांगण्यासाठी घातलेला होता.

माझ्यापुरता हा प्रश्न पुस्तकी नाही. माझ्या आजोबांनी धर्मांतरानंतर हलगी खाली ठेवली. गावकीचे काम म्हणून ती वाजवावी लागे, म्हणून ठेवली. ते उत्तम वाजवीत असे म्हणतात. मी ती कधी ऐकली नाही, आणि त्यांनी ती ठेवली याचा मला अभिमान आहे. तरीही त्या हातांत जे होते ते गेले, हेही खरे. गुलामीच्या काळी निर्माण झालेली कला टाकायची की घ्यायची, आणि घ्यायची तर कोणत्या वेशात, या प्रश्नाचे एकच उत्तर नसते. कोलरिज-टेलरने एक उत्तर दिले. ते काही रचनांत फसले आणि काही रचनांत साधले. एवढे स्पष्ट म्हणणे हाच त्याचा सन्मान आहे.

६

याच्या शेजारी आणखी तीन माणसे ठेवून पाहिली म्हणजे विस्मरणाचा कर्ता अधिक स्पष्ट दिसतो.

कैखुश्रू शापूरजी सोराबजी, जन्म १८९२, इंग्लंडमध्येच. वडील मुंबईचे पारशी अभियंता, आई इंग्रज. १९३० साली त्याने 'ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकम' ही चार तासांहून अधिक चालणारी प्रचंड रचना पुरी करून ग्लासगोत स्वतः वाजवली. १९३६ साली दुसऱ्या एकाने लंडनमध्ये तिचा एक भाग वाईट वाजवला. तेव्हापासून, आपल्या परवानगीशिवाय आपले संगीत कोणी जाहीरपणे वाजवू नये, अशी त्याची भूमिका झाली, आणि ती परवानगी तो सुमारे चाळीस वर्षे, १९७६ पर्यंत, जवळजवळ नाकारीतच राहिला. पुनर्शोधाच्या वाङ्मयात याचे गूढ, स्वाभिमानी कलावंत म्हणून कौतुक होते. स्वाभिमान होताच. वर्णाचा जाच त्यालाही झाला असणार. पण वडिलांच्या संपत्तीतून त्याची जन्माची सोय झालेली होती, हेही सांगा. ज्याला चूल पेटवण्याची चिंता नाही तोच आपल्या कलेला चाळीस वर्षे कुलूप लावू शकतो. कोलरिज-टेलर १५ गिनींना हक्क विकतो आणि सोराबजी वाजवण्यालाच मनाई करतो. दोघेही पुढे 'अपरिचित' म्हणून एकाच यादीत येतात. मौन परवडणारे आणि मौन लादलेले, असे दोन प्रकार असतात, आणि ती यादी ते सांगत नाही.

दुसरी अमांडा ऑल्ड्रिज, जन्म १८६६. ऑथेल्लो गाजवणाऱ्या आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाची मुलगी. तिने पॉल रोबसन आणि मेरिअन अँडरसन यांसारख्यांना शिकवले, आणि पियानोसाठी 'थ्री आफ्रिकन डान्सेस' यांसारख्या लोकप्रिय रचना केल्या. छापल्या त्या 'माँटेग्यू रिंग' या पुरुषी नावाने. टोपणनावाचे कारण काही असो, परिणाम हा की दुकानात तिचे संगीत विकले जात होते तेव्हाही ती स्वतः अदृश्यच होती.

तिसरी कोलरिज-टेलरचीच मुलगी, अॅव्हरिल, १९०३ ते १९९८. पियानिस्ट, वाद्यवृंदसंचालक, पियानो कॉन्चेर्टोची कर्ती. अलीकडे तिचाही पुनर्शोध चालू आहे, आणि तो व्हावाच. पण त्यात एक प्रकरण घाईने उरकले जाते. १९५२ साली ती दक्षिण आफ्रिकेला गेली. तिथे तिला गोरी समजण्यात आले, आणि वर्णभेदाच्या व्यवस्थेला तिने आरंभी विरोध केला नाही. पुढे सरकारला तिच्या आजोबांचा वर्ण कळला आणि तिला संगीतकार व संचालक म्हणून काम करण्यास बंदी झाली. आडनाव लपवून भाड्याची खोली घेतलेल्या आणि मग घरमालकाला कळल्यावर रस्त्यावर आलेल्या आपल्या माणसांना हे कथानक समजावून सांगावे लागणार नाही. तिचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. परंतु ही घटना गाळून केलेला पुनर्शोध म्हणजे पुन्हा एकदा केलेले विस्मरणच होय.

७

आता दुसरा प्रश्न : सापडले कोणाला?

'ट्वेंटी-फोर नीग्रो मेलडीज' गेल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये पुन्हा वाजू लागल्या आहेत. काळ्या आणि वांशिक अल्पसंख्य वादकांचा 'चिनेके!' वाद्यवृंद २०१५ साली ची-ची न्वानोकू यांनी उभा केला, त्याने हवा बदलली. २०२० च्या अमेरिकेतल्या आंदोलनानंतर मोठमोठ्या संस्थांना एकाएकी कोलरिज-टेलरची आठवण झाली. २०२१ साली इसाटा कानेह-मेसन या तरुण कृष्णवर्णीय पियानिस्टने त्याच्या काही रचना आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतल्या. हे सगळे चांगलेच झाले.

परंतु त्याला 'शोध' म्हणायचे असेल तर इतिहास नीट सांगा. फ्रान्सेस वॉकर या अमेरिकन कृष्णवर्णीय पियानिस्टने हा संग्रह १९७० च्या दशकातच ध्वनिमुद्रित केला होता. सँकोचे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या जोसेफिन राइट यांचा उल्लेख वर आलाच आहे. वॉशिंग्टनचा तो गायकसंघ तर संगीतकार जिवंत असतानाचा. आणि डू बॉइस यांनी १९२० सालीच त्याला पुस्तकात चिरंजीव करून ठेवले होते. ज्यांच्यासाठी त्याने लिहिले ते त्याला विसरले नव्हते. इंग्लंडच्या मैफलींना तो सापडला, एवढाच या पुनर्शोधाचा अर्थ. ज्याच्या हातून हरवले त्यालाच सापडले, तर त्याने जाहीर सत्कार कशाला करून घ्यावा?

हे सर्व लिहिण्यामागे आपल्याविषयीची एक चिंता आहे. आपल्याकडेही हल्ली 'उपेक्षित' हा शब्द स्वस्त झाला आहे. उपेक्षित कवी, उपेक्षित शाहीर, उपेक्षित लोककला यांवर चर्चासत्रे होतात, गौरवग्रंथ निघतात. त्यांत नावांची लांबलचक यादी असते, हळहळ असते, आणि टीका नसते. उपेक्षा झाली हे समाजाच्या गुन्ह्याचे प्रमाण आहे. ते कलाकृतीच्या श्रेष्ठत्वाचे प्रमाण होऊ शकत नाही. या दोन गोष्टी एक केल्या की प्रस्थापित समीक्षेला फार सोयीचे होते. तिला आपल्या कवितेची चिकित्सा करावी लागत नाही, सहानुभूतीची ओंजळ ओतून मोकळे होता येते. दलित साहित्याने आरंभापासून जी मागणी केली ती सहानुभूतीची नव्हती. आमच्या अनुभवातून निघालेल्या मोजपट्टीने, पण पूर्ण कठोरपणे मोजा, अशी ती मागणी होती. कोलरिज-टेलरच्या आफ्रिकन चालींवरच्या रचना दुबळ्या आहेत असे म्हणण्याचे धैर्य ज्याच्यात नाही, त्याने 'डीप रिव्हर' थोर आहे असे म्हटले तर त्या बोलण्याला किंमत काय?

आंबेडकरी जलशांच्या वह्या आजही कुठे कुठे घराघरांतल्या पेट्यांत आहेत. त्या गोळा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना मी चार गोष्टी टिपायला सांगतो. गाणे कोणी रचले, कोणी गायिले, त्या रात्री बिदागी किती मिळाली, आणि ते गाणे पुढे बंद झाले असेल तर कोणाच्या निर्णयाने. पाचवी गोष्ट त्यांनी स्वतः लिहायची आहे : गाणे चांगले आहे की वाईट, आणि का. पहिल्या चार गोष्टी टिपून आणणारे पुष्कळ विद्यार्थी भेटतात. पाचवीपाशी ते थबकतात, कारण आपल्या माणसाच्या गाण्याला वाईट कसे म्हणावे, हा संकोच. तो संकोच मला समजतो. पण तो सोडावा लागेल, आणि आपल्या वह्यांचा 'शोध' दुसरा कोणी लावण्याआधी सोडावा लागेल.